केळनेच्या काठी भरवा यंदाचं शिबिर

परीक्षा संपल्या की जालन्यात उन्हाळी शिबिरांची धांदल उडते. चित्रकला, नृत्य, अबॅकस, फार तर वेरूळ-अजिंठ्याची एक सहल. माझ्या मते जिल्ह्यातल्या मुलांचं एक तरी शिबिर केळना नदीच्या काठी भरायला हवं. उन्हाळ्यात या नदीला पाणी नसतं, म्हणून कुणी तिकडे वळत नाही. पण तिच्या काठची दोन गावं जगाच्या इतिहासात पोचलेली आहेत.

पहिलं भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दानकर्त्यांची नावं कोरली आहेत, त्यांत या गावचेही लोक आहेत. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन केलं. सातवाहन काळाचे थर उघडले आणि त्यांत हस्तिदंती काम सापडलं. इटलीतलं पॉम्पेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली होती; आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती भोकरदनला सापडल्यामुळे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ती इथल्याच कारागिरांची असल्याचं मत मांडलं. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. तरीही भोकरदनच्या शाळेतल्या पोराला हे सांगून पाहा, तो आपल्या गावाकडे वेगळ्या नजरेने बघू लागेल.

दुसरं गाव असई. 23 सप्टेंबर 1803. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींना तेव्हा ‘कंपू’ म्हणत. ते पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखाली होते. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वाटाड्यांनी त्याला सांगितलं की नदीपलीकडे जायला शत्रूसमोरचा सोडून दुसरा उतार नाही. त्याला मात्र दुरून नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची गावं आहेत, म्हणजे त्यांच्यामध्ये उतार असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. भूगोल वाचायचा कसा, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

वेलस्ली त्या उतारावरून पलीकडे येताच कंपूंनी झटकन तोंड फिरवून नवी फळी धरली. मराठी तोफखान्याने इंग्रजांची अक्षरशः चाळण केली. गोलंदाज तोफांशेजारी मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी मागून मारा केला. वेलस्लीचा घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जिंकला तो, 98 तोफाही त्याने नेल्या. पण उतारवयातही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, याचं उत्तर तो असई असंच देई. आपल्याकडे मात्र दोन्ही सरदार लढाई चालू असतानाच निघून गेले आणि घोडदळ बहुतांशी बघत राहिलं. हरले ते सरदार. गोलंदाज हरले नाहीत, असं मी म्हणेन. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत.

राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब ही ठिकाणं लोकांच्या श्रद्धेने जपली. पांढरीच्या ढिगाला आणि असईच्या शिवाराला तो आधार नाही. तिथे माणसांची पावलं लागली तरच ती टिकतील.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. मे महिन्यात एखाद्या दिवशी उजाडताच निघा, राजूरला दर्शन घेऊन भोकरदन गाठा. पांढरीवरची खापरं मुलांना दाखवा, पण उचलू देऊ नका. मग असईला जा. ऊन चढायच्या आत केळनेच्या कोरड्या पात्रात मुलांना उभं करा आणि तो उतार त्यांनाच शोधू द्या.