गाडीवरचा एमएच आणि बारा महिन्यांची मुदत

गणपतीचे दिवस आले की टिळकवाडी, शहापूर, अनगोळच्या गल्ल्यांत एमएच-०९, एमएच-१२, एमएच-१४ अशा नंबरांच्या गाड्या दारोदारी उभ्या दिसतात. पुण्याला नोकरीला गेलेली मुलं, कोल्हापूरचे पाहुणे, गडहिंग्लजकडची मामेमंडळी. अनंत चतुर्दशी झाली की बहुतेक गाड्या परत जातात. काही मात्र इथेच राहतात, आणि त्यांच्याबद्दल आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "महाराष्ट्राचा नंबर दिसला म्हणून अडवलं." सीमाभागात राहणाऱ्याच्या मनात ही शंका येणं स्वाभाविक आहे. पण नंबरप्लेटच्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा कारण भाषेचं नसतं, कराचं असतं, आणि तिथे कायदा आपल्या बाजूचा नसतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. तेव्हा एमएच पाटीची गाडी बेळगावात दिसणं हा गुन्हा मुळीच नाही. पण लगेच पुढचं कलम ४७ सांगतं, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवली, तर तिथल्या आरटीओकडे नव्या नंबरासाठी अर्ज केला पाहिजे. म्हणजे आपल्याकडे केए-२२, चिक्कोडी-निपाणीकडे केए-२३.

अर्ज न केल्याचा दंड किरकोळ आहे, पाचशे रुपयांच्या आसपासचा. खरा बोजा कराचा. कर्नाटकात गाडीच्या किमतीवर ढोबळमानाने १३ ते १८ टक्के आजीवन कर आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के. या फरकामुळेच कागलच्या पलीकडे गाडी घ्यायची आणि वापरायची मात्र बेळगावात, असा हिशेब अनेकांनी केला. तपासणीत नेमका तोच हिशेब शोधतात. गाडी खरोखर येऊन-जाऊन असेल तर टोलच्या नोंदी आणि सर्व्हिसिंगची बिलं गाडीत ठेवावीत. तोंडी सांगण्यापेक्षा ती उपयोगी पडतात.

आमच्याच नात्यातली गोष्ट. कोल्हापूरच्या मामांनी डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून आपली गाडी इथल्या भाच्याला देऊन टाकली. घरातलाच व्यवहार, म्हणून आरसी मामांच्याच नावावर राहिली. तीन वर्षांनी गाडी तपासणीत सापडली, कर भरायची नोटीस आली. तोवर मामा वारले होते. आता नंबर बदलायचा तर आधी नाव बदलायला हवं, आणि नाव बदलायला मामांच्या मृत्यूचा दाखला नि सगळ्या वारसांची संमती. एक मावसभाऊ दुबईत, एका मामेबहिणीशी बोलणं बंद. भाच्याला गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा त्या सह्यांचाच त्रास जास्त झाला.

वेळेवर केलं तर काम अवघड नाही. पहिल्या आरटीओकडून नमुना २८ वर एनओसी घ्यायची. त्याआधी थकीत चलनं भरलेली हवीत, कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. मग विमा आणि पीयूसी चालू ठेवून इथे नमुना २७ भरायचा. कर गाडीचं वय बघून लागतो. पुष्कळांना ठाऊक नसतं, की महाराष्ट्रात भरलेल्या आजीवन कराचा उरलेल्या वर्षांपुरता भाग परत मागता येतो. तो अर्ज तिकडच्या आरटीओत करावा लागतो आणि पाठपुरावाही आपणच करावा लागतो. नवा नंबर मिळाला की विमा कंपनीला कळवायला विसरू नका.

आता पाटीवरच्या लिपीविषयी. ४१४१ चा 'दादा', ४९१२ चा 'पवार', २१४ चा 'राम' ही कलाकुसर आपल्याकडे फार हौसेने होते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५० अक्षरं इंग्रजीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे मागतो. देवनागरी चालत नाही तशी कन्नडही चालत नाही. कारच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर ठरलेली आहे. तिरपी, वळणदार अक्षरं मराठीत असोत की इंग्रजीत, दंडाला पात्रच.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच येते. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या बाजूला क्रोमियमचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, आणि मागची पाटी एकदाच बसणाऱ्या लॉकने जखडलेली. हा लेझर क्रमांक वाहनांच्या सरकारी नोंदीत आपल्या गाडीशी जोडलेला असतो. म्हणून रस्त्याकडेच्या दुकानातली तशीच दिसणारी पाटी बिनकामाची. जुन्या गाड्यांसाठी दोन्ही राज्यांनी मुदती वाढवत नेल्या, तरी सक्ती रद्द झालेली नाही.

हा उपद्व्याप कशासाठी, असं वाटत असेल तर चलनांचा विचार करा. आता दंड कॅमेरा करतो, आणि आरसीवर जो पत्ता नि मोबाईल असेल तिथे निरोप जातो. आपल्या नंबराची नकली पाटी लावून कुणी हिंडत असेल तर त्याचं चलन आपल्या नावावर पडतं. तसं झालं तर चलनावरचा फोटो आधी बघा. गाडीचा रंग, मॉडेल वेगळं असेल तर लेखी हरकत घ्या आणि पोलिसांतही तक्रार द्या. जुना पत्ता आणि बंद पडलेला मोबाईल नंबर असेल तर यातलं काहीच वेळेवर कळत नाही.

बदलीच्या नोकरीतल्या मुलांसाठी २०२१ पासून बीएच मालिका आहे. सरकारी कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र ठरतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. पुण्याहून बंगळूरला आणि तिथून पुन्हा हैदराबादला जाणाऱ्यांनी नवी गाडी घेतानाच याची चौकशी करावी.

आणि एमएच गाडीवर एचएसआरपी बसवायची राहिली असेल, तर ती महाराष्ट्राच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनच नोंदवा. कोल्हापूरला कधी जाणार ते ठरवून तारीख घेतली म्हणजे फेरी वाया जात नाही.