फुटबॉलचा नाद, परदेशची वाट आणि घरचे काम

धान घरी आले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. सावली, मूल, सिंदेवाहीकडची माणसे दोन-चार गावे ओलांडून नाटकाला जातात, रात्रभर बसतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. नाद आणि काम यांचा मेळ घालणे आपल्याला नवे नाही. पण हाच नाद सातासमुद्रापलीकडे ओढून नेऊ लागला, तर मागे घराचे काय? फुटबॉलच्या विश्वचषकाला जाणाऱ्या काही साध्या माणसांनी हे कोडे कसे सोडवले, ते पाहण्यासारखे आहे.

मासळी सोडली, फुटबॉल नाही

कोलकात्याचे पन्नालाल चटर्जी बंदरातील नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नी चैतालीबाईंचा साड्या विकण्याचा लहानसा धंदा. १९८२ साली दोघे स्पेनला विश्वचषक पाहायला गेले आणि मग दर चार वर्षांनी जातच राहिले. २०१८ ची रशियाची स्पर्धा ही त्यांची दहावी वारी. तेव्हा पन्नालालबाबू पंचाऐंशीच्या घरात होते. २०१९ साली ते वारले.

पैसा कुठून आला? पेन्शन आणि साड्यांच्या नफ्यातून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला पडे. तंगी आली की ताटातली मासळी बंद. बंगाली माणसाने मासळी सोडणे म्हणजे काय, हे चामोर्शी-मुलचेराकडे बंगाली शेजार असलेल्यांना सांगायला नको.

सायकलवरून मॉस्को

केरळचे क्लिफिन फ्रान्सिस गणिताच्या शिकवण्या घेत. शिकवले तर पैसे, नाहीतर नाही. भरपगारी रजा कुठली? आपल्या रोजमजुरीसारखेच. विमानाने थेट रशियाला जाऊन राहणे परवडेना. म्हणून २०१८ साली ते दुबईपर्यंत विमानाने, पुढे बोटीने इराणला आणि तिथून सायकलने निघाले. जॉर्जियाच्या सीमेवर प्रवेश मिळाला नाही, तेव्हा वाट बदलली. खिशात तिकीट एकाच सामन्याचे होते, २६ जूनच्या फ्रान्स-डेन्मार्कचे. त्या सामन्यात एकही गोल झाला नाही!

हंगाम थांबत नाही

नोकरदार रजेचा अर्ज देतो. शेतकऱ्याने तो कुणाकडे द्यावा? विश्वचषक बहुधा जून-जुलैत येतो. त्याच वेळी आपल्याकडे पऱ्हे टाकायचे असतात आणि रोवणा तोंडावर असतो. २०२२ साली कतारच्या उन्हामुळे स्पर्धा २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर अशी ठेवली, तर ती भारी धानाच्या कापणीत आणि चुरण्यात सापडली.

फोनमुळे दूरूनही कामावर लक्ष ठेवता येते, पण घड्याळाचे भान हवे. कतार आपल्या अडीच तास मागे आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असते. तिथे दुपारी तीनला सामना सुरू होतो, तेव्हा सावलीत रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. बांधीतले पाणी फुटले, हे सकाळी सातला कळवावे तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. फोनवरून सल्ला देता येतो, धुरा बांधता येत नाही. तो घरच्यांनाच बांधावा लागतो. म्हणून जाणाऱ्याने आधी घरात बसून ठरवावे: मजूर कोण बोलावील, बैलांचे कोण पाहील, पैसे कोणाकडे राहतील. नाहीतर नाद एकाचा आणि कष्ट बाईमाणसाचे, असे होते. चटर्जी दांपत्य दोघे मिळून बचत करी आणि दोघे मिळून जाई.

निघण्यापूर्वी

पासपोर्ट वेळेत काढावा; प्रवासाच्या तारखेनंतर त्याची निदान सहा महिने मुदत उरलेली असावी. सामन्याचे तिकीट फिफाच्या अधिकृत विक्रीतूनच घ्यावे, दलालाच्या शब्दावर पैसे देऊ नयेत. तिकीट मिळाले म्हणजे व्हिसा मिळालाच, असे धरू नये. प्रत्येक देशाचा नियम वेगळा. आणि पर्यटक व्हिसावर तिकडे मजुरी करून खर्च भागवीन, हा बेत तर मुळीच करू नये.

परदेश सगळ्यांना जमणार नाही. पण २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याच देशात झाला. नवी मुंबईत सामने झाले, कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता आणि अंतिम सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर रंगला. रोज दहा रुपये डब्यात टाकले तर चार वर्षांत साडेचौदा हजारांवर रक्कम जमते. तेवढ्यात परदेश होणार नाही. पण धान विकून झाल्यावर नवरा-बायकोने नागपूरहून हावड्याची गाडी धरून मोठ्या मैदानावरचा एक सामना पाहून यावा, इतके नक्की होईल.