जग्वार एक्सजे२२०: आधी अनामत, मग गाडी

• परत मिळणारी नोंदणी रक्कम म्हणजे फक्त रांगेतला क्रमांक. अनामत भरून खरेदीकरार केला, की उरलेली किंमत देण्याची जबाबदारीही ग्राहकावर येते. एक्सजे२२० च्या वादाचे मूळ याच फरकात.

• ऑक्टोबर १९८८, बर्मिंगहॅमचा मोटार शो: नमुना गाडीचे दर्शन. ६.२ लिटरचे व्ही-१२ इंजिन, शक्ती चारही चाकांना. २२० हा आकडा ताशी २२० मैलांच्या (सुमारे ३५४ किमी) उद्दिष्टाचा.

• डिसेंबर १९८९: उत्पादनाची घोषणा. अनामत ५०,००० पौंड. मर्यादा ३५० गाड्यांची. इच्छुक त्याहून कितीतरी अधिक.

• १९९२: ग्राहकांच्या हाती आली ती वेगळीच गाडी. ३.५ लिटरचे व्ही-६ इंजिन, दोन टर्बो, शक्ती फक्त मागच्या चाकांना. वेगात मात्र ती उणी नव्हती. इटलीतील नार्दोच्या चाचणीपट्ट्यावर तिने ताशी ३४० किमी ओलांडले.

• दरम्यान मंदीने सुपरकारचे भाव कोसळले. करारातली किंमत महागाईशी जोडलेली असल्याने उलट वाढत गेली. अनेकांनी माघार घेतली, काही प्रकरणे न्यायालयात गेली.

• प्रत्यक्षात तयार झालेल्या गाड्या: सुमारे २८०.