सोलर सेलची 'कलई': कार्बनच्या शाईपासून वीज कशी बनते?

चंद्रपूर म्हटले की कोळसा आणि वीज. आपले महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. पण शेजारच्या गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की रस्ता बंद होतो आणि जंगलातल्या तारेवर झाड पडले की दुरुस्तीला वेळ लागतो. अशा गावांना स्वतःच्या छतावरची वीज मिळाली तर मोठा आधार होईल. म्हणून सोलरमध्ये नवीन काय चालले आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आज बाजारात मिळणारी सोलर प्लेट बहुतेक सिलिकॉनची असते. सिलिकॉन शुद्ध करायला आणि १,४०० अंशांच्या वर वितळवायला भरपूर ऊर्जा लागते. शिवाय प्लेट काचेची आणि जड. दुसरा मार्ग आहे ऑरगॅनिक सोलर सेलचा. यात कार्बनी संयुगांची शाई बनवून तिचा पातळ थर देतात. दहावीच्या विज्ञानात 'कार्बनी संयुगे' शिकतो, त्याच घराण्यातले हे पदार्थ. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ टँग यांनी असा दोन थरांचा सेल बनवला, तेव्हा उन्हाचा जेमतेम १ टक्का भाग विजेत बदलत होता. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल १९ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

या प्रगतीत एका थराचा मोठा वाटा आहे. तो म्हणजे धातूच्या ऑक्साईडचा थर. हे समजायला आपल्या मोहल्ल्यातला कलईवाला आठवा. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देतात. थर नावापुरता, पण त्याच्याशिवाय भांडे वापरता येत नाही. सोलर सेलमध्येही तसेच आहे.

ऊन पडले की कार्बनी थरात ऋण आणि धन भाराची जोडी तयार होते. ही जोडी फुटून ऋण भार एका बाजूला आणि धन भार दुसऱ्या बाजूला गेला, तरच वीज मिळते. दोघे पुन्हा भेटले की सगळी मेहनत वाया. म्हणून दोन्ही बाजूंना दरवान बसवतात. जस्ताचे ऑक्साईड फक्त ऋण भाराला वाट देते, मॉलिब्डेनमचे ऑक्साईड धन भाराला. पूर्वी धन बाजूला वापरला जाणारा एक पॉलिमर आम्लधर्मी होता आणि हवेतला ओलावा शोषायचा, त्यामुळे सेल लवकर खराब व्हायचा. ऑक्साईडने ही अडचण बरीच कमी केली.

हा थर द्यायचा कसा? मोठी निर्वात यंत्रे महाग पडतात. द्रावणाची पद्धत सोपी आहे. जस्ताचा क्षार अल्कोहोलसारख्या द्रवात विरघळवायचा, काचेवर थेंब टाकून काच वेगाने फिरवायची, मग साधारण १५० ते २०० अंशांवर तापवायची. द्रव उडून जातो, क्षाराचे ऑक्साईड होते. थराची जाडी ३०-४० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी. रासायनिक पद्धतीने असे ऑक्साईडचे थर बनवण्याच्या कामासाठी आपल्याच राज्यातले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ओळखले जाते.

अडचणीही आहेत. प्लास्टिकच्या पत्र्यावर छापायचे तर तो एवढी उष्णता सहन करत नाही. त्यामुळे ऑक्साईडचे कण आधीच बनवून ते द्रवात मिसळून लावतात. दुसरे, अतिनील किरण पडले की जस्ताचे ऑक्साईड शेजारच्या कार्बनी थरालाच कुरतडते. त्यावर उपाय म्हणून कथिलाचे ऑक्साईड वापरतात. म्हणजे गोष्ट पुन्हा कलईच्या कथिलापाशी आली! तिसरे, ओलावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि लगेच जूनपासून धो-धो पाऊस. इथे टिकेल तो सेल कुठेही टिकेल.

मग आज काय करावे? घरावर सोलर बसवायचे असेल तर सिलिकॉनचेच घ्या. त्यावर २५ वर्षांची हमी मिळते आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. 'नवीन प्लास्टिक सोलर' म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी लेखी हमी मागा.

आणि मुलामुलींच्या तालीमीचा विचार करताना एवढे लक्षात ठेवा. या कामात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही लागतात. बारावीनंतर फक्त नीट आणि जेईई एवढेच रस्ते नाहीत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजे त्याच्याशी जोडलेली आहेत. बीएस्सी, मग एमएस्सी आणि पुढे संशोधन, हा रस्ता आपल्या दारातून सुरू होतो. केमिस्ट्री हा शब्दच अरबी 'अल-कीमिया'वरून आला. हे इल्म आपल्याला परके नाही. कलईचा हुनर ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्या घरातली मुलगी उद्या हा थर बनवेल, इन्शाअल्लाह. फक्त दहावीनंतर तिचे शिक्षण थांबवू नका.