नोबल जॉन्सन : स्वतःचीच भूमिका नाकारलेला नट

१९२४ साली आलेल्या 'द थीफ ऑफ बगदाद' या अमेरिकन मूकपटात राजकन्येला वरायला आलेला एक भारतीय राजपुत्र आहे. ही भूमिका करणारा नट भारतीय नव्हता, तो अमेरिकेतला कृष्णवर्णीय होता. त्याचे नाव नोबल जॉन्सन. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या समाजाचे लेखक, पुढारी आपण वाचले. पण त्यांचा हा विस्मृतीत गेलेला नट आपल्याला फारसा ठाऊक नाही. म्हणून हे टिपण.

नोबल जॉन्सनचा जन्म १८८१ चा, मिसुरी राज्यातला. तो कोलोरॅडोत वाढला. बाप घोडे शिकवणारा. पोराने शाळा लवकर सोडली आणि तोही घोड्यांतच रमला. १९१५ च्या सुमारास तो पडद्यावर आला. याच १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला. त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांना पशू म्हणून रंगवले आणि त्यांना ठार मारणाऱ्या कू क्लक्स क्लानला नायक केले. जिथे आपली प्रतिमा दुसऱ्याच्या हातात असते, तिथे ती अशीच घडते.

नोबलने याला कृतीने उत्तर दिले. १९१६ साली त्याने सहकाऱ्यांसह 'लिंकन मोशन पिक्चर कंपनी' काढली. पहिला चित्रपट होता 'द रिअलायझेशन ऑफ अ निग्रोज ॲम्बिशन'. त्याचा नायक जेम्स बर्टन टस्कीगी संस्थेतून इंजिनियर होतो आणि कॅलिफोर्नियाच्या तेलक्षेत्रावर काम मागायला जातो. कातडीचा रंग पाहून त्याला नकार मिळतो. पुढे तो हिमतीने वर येतो आणि आपल्याच गावच्या जमिनीत तेल शोधतो. बर्टनची भूमिका नोबलनेच केली.

या कथानकापाशी मी नेहमी अडखळतो. मी घरातला पहिला पदवीधर. एम. ए. होऊन पहिल्या मुलाखतीला गेलो, तेव्हा मला विषयाचा एकही प्रश्न विचारला गेला नाही. आडनावावरून गाव विचारले, गावावरून वस्ती विचारली आणि 'कळवतो' म्हणाले. आपल्यासारखा माणूस पडद्यावर नायक म्हणून दिसणे ही केवळ करमणूक नसते, हे मला बर्टनने शिकवले.

कंपनीचे भांडवल तुटपुंजे होते. नोबल इतर कंपन्यांत कामे करी आणि तो पैसा लिंकनमध्ये घाली. त्याचा भाऊ जॉर्ज ओमाहा शहरात टपाल खात्यात नोकरीला होता. नोकरी सांभाळून तो पत्रे लिहून खेळ ठरवी. कृष्णवर्णीय वस्त्यांतली थिएटरे, चर्च, शाळा, जिथे पडदा लागेल तिथे खेळ होत. पण युनिव्हर्सल या बड्या कंपनीतही नोबल काम करीत होता, आणि त्याच वस्त्यांत तिच्या चित्रपटांना लिंकनचे चित्रपट भारी पडू लागले. त्याच्यापुढे पर्याय ठेवला गेला : पोट की कंपनी? १९१८ साली त्याने लिंकनचा राजीनामा दिला. आणखी काही वर्षांत कंपनीही बंद पडली.

त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. ज्याच्यापुढे असे दोनच दरवाजे ठेवले जातात, त्याला दोष देण्याआधी ते दरवाजे कोणी बांधले, हे विचारले पाहिजे.

त्यानंतर तो तीसेक वर्षे पडद्यावर होता. तो रेड इंडियन झाला, नरभक्षकांचा म्होरक्या झाला, १९३२ साली 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये चेहऱ्याला गोरा रंग लावून कोसॅकही झाला. १९३३ च्या 'किंग काँग'मधला बेटावरचा म्होरक्याही तोच. त्याचा बालपणचा मित्र लॉन चेनी हजार चेहऱ्यांचा नट म्हणून जगभर गाजला. नोबलनेही कितीतरी चेहरे वागवले, पण त्याचे नाव श्रेयनामावलीच्या तळाशीच राहिले. दुसऱ्या कोणाचेही सोंग त्याला मिळे. शिकलेल्या, स्वाभिमानी कृष्णवर्णीयाची भूमिका मात्र मिळत नसे. तो १९७८ साली वारला.

नोबलने लिंकनसाठी केलेले चित्रपट आज नष्ट झाले आहेत. तरीही आपल्याला त्यांची कथा कळते, ती टपालातल्या त्या भावामुळे. जॉर्जने कात्रणे, पत्रे, जाहिराती आयुष्यभर जपल्या. आज तो संग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. इतिहास विद्यापीठात पोचला खरा, पण तो जपला एका टपाल नोकराने.

आपल्या वस्त्यांत आंबेडकरी जलसे झाले, तमाशाचे फड उभे राहिले, पथनाट्ये झाली. त्यांतल्या किती कलावंतांची नावे आपल्याजवळ लिहिलेली आहेत? घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. हँडबिले, वह्या, फोटो बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांपाशी बसून नावे लिहून घ्या. आपला जॉर्ज आपल्यालाच व्हावे लागेल.