पणजोबांच्या बांधावर

‘आमचं मूळ आयर्लंडचं!’ असं अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात कोट्यवधी माणसं अभिमानानं सांगतात. गाव कुठलं, असं विचारलं की बरेच जण अडखळतात. ‘कॉर्क’ एवढंच उत्तर म्हणजे ‘आम्ही सातारा जिल्ह्यातले’ म्हणण्यासारखं. उंबऱ्यापर्यंत पोचायला तिथल्या ‘टाउनलँड’चं नाव लागतं. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी. कुठे दहा घरं, कुठे नुसतं शिवार. आणि त्या एका बेटावर असे टाउनलँड 60 हजारांहून जास्त!

नावं मात्र बोलकी. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘डेरी’ म्हणजे ओकची राई. आडनावंही तशीच: ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. आपल्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावात गाव असतं, त्यांच्या आडनावात पूर्वज. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना डिसेंबर 2019 मध्ये मालवण तालुक्यातल्या वराडला, वडिलांच्या मूळ गावी, सहकुटुंब आले. पत्ता आडनावातच होता! ओसुलिव्हन मंडळींना ही सोय नाही. नैऋत्येच्या बेआरा द्वीपकल्पात ओसुलिव्हन इतके, की घराण्यांना वेगळी टोपणनावं पडली. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची जुनी रीत, आपल्यासारखीच. मग चुलतभावंडांत एकाच नावाचे दोघे-तिघे. त्यातला आपला कोण, हे गावातलं म्हातारं माणूसच सांगू जाणे.

कागदांची कथा ऐकून जीव हळहळतो. 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना स्फोटानं आणि आगीनं बेचिराख झाला. 1821 ते 1851 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 आणि 1871 चे कागद सरकारनं त्याआधीच नष्ट केले होते. 1881 आणि 1891 च्या कागदांचा पहिल्या महायुद्धात लगदा झाला. म्हणजे सबंध उरलेली सर्वांत जुनी खानेसुमारी 1901 ची. आणि 1845 ते 1852 च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देशोधडीला लागली. ती 1901 मध्ये सापडणार कशी?

कागदांतले आधार दोन. एक, 1847 ते 1864 या काळातली ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ ही कर-आकारणीची यादी: कुठल्या टाउनलँडमध्ये कुणाकडे किती जमीन, जमीनदार कोण. आपल्या सातबाऱ्याची ही चुलतबहीणच! दुसरा, चर्चमधल्या बारशा-लग्नांच्या वह्या. कॅथलिक चर्चच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2015 पासून इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवल्या आहेत.

आणि सगळ्यांत भक्कम तिसरा आधार, गावचा स्वयंसेवक. ‘आयर्लंड रीचिंग आऊट’ या उपक्रमानं 2010 मध्ये गॉलवे काउंटीत एक उलटी वाट धरली. वंशजांनी मुळं शोधत यायची वाट कशाला बघायची? गावानंच आपल्या गेलेल्या माणसांच्या लेकरांना हुडकायचं, बोलवायचं! पॅरिशमधली, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, माणसं पत्रांना उत्तरं देतात, पाहुण्याला भेटतात, दफनभूमीत शेवाळलेले दगड वाचून दाखवतात. बराक ओबामांचा धागाही स्थानिक चर्चच्या जुन्या वह्यांतूनच सापडला. त्यांच्या खापरपणजीचे वडील 1850 मध्ये मनीगॉल सोडून गेले होते. मे 2011 मध्ये ओबामा त्या चिमुकल्या गावात उतरले, तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

निघण्याआधी घरातलं जुनं पत्र, लग्नाचा दाखला, परदेशातल्या थडग्यावरचा मजकूर नीट वाचावा. त्यात पॅरिशचं नाव सापडलं, तर अर्धी वाट सरली. उरलेली अर्धी चिखलातून, त्या स्वयंसेवकाच्या मागे चालायची. घर बहुधा नसतंच. चार दगडी भिंती, आत उगवलेली खाजरी झुडपं. तो मग समोरच्या उतारावर बोट दाखवतो. ऊन कलतं तेव्हा गवताखाली समांतर रेघा उठून दिसतात. ते दुष्काळाआधीच्या बटाट्याचे वरंबे. लावणारी माणसं गेली, ती जमीन पुन्हा कुणी नांगरली नाही.