विश्लेषण : कॉन्सर्ट तर होऊन गेली, तिचं रेकॉर्डिंग आता शोधायचं कुठे?

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्याच्या करमणूक करमाफीचा विषय राज्य मंत्रिमंडळासमोर थेट २०२१ मध्येही होता. सरकारी फाईल इतकी वर्षं टिकली, पण मैदानातला आवाज टिकतोच असं नाही. जालन्यातून अशी एखादी कॉन्सर्ट गाठायची म्हणजे मनमाडमार्गे रेल्वे, नाहीतर एसटी, आणि रात्रभर प्रवास. तेव्हा कॉलेजात असलेले चाहते आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि ‘त्या रात्रीचं काही ऐकायला मिळेल का’ हे इंटरनेटवर शोधत आहेत.

काय मिळतं?

मोठ्या बँडचं बऱ्यापैकी मिळतं. डीप पर्पलच्या १९९५ मधल्या मुंबईतल्या कॉन्सर्टचं चित्रण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने अधिकृतपणे प्रसिद्ध झालं आहे. म्हणून शोधताना ‘मुंबई’ आणि ‘बॉम्बे’ दोन्ही टाकून पाहावं. आयर्न मेडनने २००८ चा जागतिक दौरा १ फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. ‘फ्लाइट ६६६’च्या लाइव्ह अल्बममधलं ‘एसेस हाय’ त्याच रात्रीचं आहे. मेटॅलिका २००४ पासूनच्या आपल्या कॉन्सर्टची रेकॉर्डिंग स्वतःच विकते. ऑक्टोबर २०११ मध्ये गुरुग्रामचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाल्यावर बंगळुरूला जे पोहोचले, त्यांनी आधी तिथे पाहावं.

इंटरनेट आर्काइव्हच्या ‘लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह’मध्ये दोन लाखांहून अधिक कॉन्सर्ट मोफत आहेत. मात्र परवानगी देणाऱ्या कलाकारांच्याच. कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली, हे ‘सेटलिस्ट डॉट एफएम’वर कळतं. लेबल नसलेली कॅसेट ओळखायलाही तो क्रम उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या बँडचं काय?

खरी अडचण इथे आहे. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ होत असे. भारतीय रॉकची एक पिढी तिथे उभी राहिली. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याचा नियम लागू झाला आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातले कार्यक्रम थांबले. त्या काळात प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशात मोबाईल नव्हता. अशा कार्यक्रमाचं एखादं रेकॉर्डिंग उरलंच असेल, तर ते कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवर असण्याची शक्यता जास्त.

टेप टिकली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी इथल्या वादकांसोबत स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी! तोवर चाहते चोरट्या प्रतींवरच भागवत होते.

माळ्यावरची कॅसेट किती दिवस टिकेल?

कॅसेटमधली पट्टी जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर चिकट द्रव्याने बसवलेला असतो. मराठवाड्यातला चाळिशी पार करणारा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा, दोन्ही या थराचे शत्रू. पत्र्याच्या पेटीत किंवा माळ्यावर तर विचारूच नका. ९० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी ६० वालीपेक्षा पातळ असते. त्यामुळे ती लवकर ताणते आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. गाणं सुरू होण्याआधीच त्याची चाहूल लागते ती यामुळे.

पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट अजिबात वाजवू नका. ती जाणकाराकडेच द्या. कॅसेट चांगली असेल तर आधी मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डेकच्या ‘लाइन आउट’मधून वायर काढून कॉम्प्युटरवर घ्या, स्पीकरसमोर मोबाईल धरू नका. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहा. बहुतेकदा हेडचा कोन जुळला की झांजांचा आवाज लख्ख उघडतो. फाईल ‘वेव्ह’मध्येच ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झने तासाला सुमारे १ जीबी लागतो. एमपीथ्री नंतर कधीही बनवता येते, उलटं होत नाही.

अपलोड करावं का?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने कलाकाराच्या हक्काचा भंग होत नाही. अपलोड ही वेगळी गोष्ट. कार्यक्रमावरचा कलाकाराचा हक्क ५० वर्षं राहतो. म्हणजे १९९६ च्या कार्यक्रमाचा २०४६ अखेरपर्यंत. गीतकार-संगीतकारांचे हक्क आणखी निराळे. स्थानिक बँडच्या बाबतीत सरळ त्या वादकांनाच प्रत पाठवून विचारणं सोपं. कदाचित त्यांच्याकडेही ती नसेल.

आणि डेक जोडलाच आहे, तर गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा किंवा जांब समर्थच्या रामनवमीचं कीर्तन असलेल्या कॅसेटही त्याच बैठकीत उतरवून घ्या. चालू डेक आणि तो दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही आता सहज सापडत नाहीत.